सायकलचा मीटर, गाडीचं चाक आणि २०९६

मेसमधली भाजी आणि गाडीचा वेग, या दोन गोष्टींवर होस्टेलमध्ये कधीच एकमत होत नाही. "काल ऐंशीने आलो" असं सांगणारा प्रत्येक विंगमध्ये एक तरी असतोच. त्याच्या गाडीचा मीटर चालू आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या गाडीचा चालू नव्हता. वडिलांनी वापरून मला दिलेली शंभर सीसीची गाडी, पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक, तारांचे आरे, आणि काटा कायमचा शून्यावर झोपलेला. केबल तुटली होती. मिस्त्री म्हणाले, "केबल टाकून उपयोग नाही, खालची गरारी पण खाल्लीय. पार्ट मागवायला लागेल." पार्ट येईपर्यंत काय करायचं, या विचारात असताना पार्टनरच्या जुन्या सायकलवरचा डिजिटल मीटर डोळ्यासमोर आला. तो मीटर गाडीला बसवण्याची ही हकिगत. काम तासाभराचं वाटलं होतं, पुरं व्हायला महिना गेला. मधल्या काळात एका ओरलचा बळी जाता जाता वाचला. म्हणून हा लेख.

दोन मीटर, दोन तऱ्हा

गाडीचा काट्याचा मीटर कसा चालतो ते आधी पाहू. पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक गरारी असते. चाक फिरलं की ती केबलच्या आतली तार फिरवते. तार वर मीटरमध्ये एक चुंबक फिरवते. चुंबकाला अगदी लागून, पण न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी बसवलेली असते. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे आपण शाळेत शिकलो. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत एडी करंट तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. तिला एक बारीक स्प्रिंग अडवून धरते. वेग जितका जास्त, तितकी ओढ जास्त आणि तितका काटा पुढे. ओटो शुल्झ या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. इतक्या वर्षांनंतरही साध्या गाड्यांच्या काट्याच्या मीटरमागे तेच तत्त्व आहे. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच तारेवरून दातेरी चाकांनी फिरतात. त्यामुळे केबल तुटली की काटा आणि किलोमीटर दोन्ही एकदम जातात.

सायकलच्या डिजिटल मीटरची तऱ्हा वेगळी. त्यात तीन वस्तू: आऱ्याला लावायचं छोटं चुंबक, फोर्कला लावायचा सेन्सर आणि हँडलवरचा डिस्प्ले. सेन्सरच्या पोटात रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या, एकमेकींपासून किंचित दूर. चुंबक जवळून गेलं की पात्या चिकटतात, दूर गेलं की सुटतात. हा स्विच बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये शोधला. चाकाचा एक फेरा म्हणजे एक 'टिक'. डिस्प्लेतली चिप दोन टिकांमधला वेळ मोजते आणि चाकाच्या परिघाला त्या वेळाने भागते.

वेग = परीघ ÷ एका फेऱ्याचा वेळ

एवढंच गणित. मीटर प्रति सेकंदात आलेल्या उत्तराला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. यातला वेळ मीटर स्वतः मोजतो. परीघ मात्र त्याला आपण सांगायचा असतो, तोही मिलिमीटरमध्ये. हे वाक्य मी तेव्हा वाचलं आणि पुढे गेलो. तुम्ही तसं करू नका.

बसवताना काय काय चुकलं

पहिली चूक चुंबकाची. सायकलवर ते रिमच्या बाजूला लावलेलं होतं, म्हणून आम्ही गाडीवरही रिमकडे, हबच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर लावलं. गाडीचे आरे सायकलच्या आऱ्यांपेक्षा जाड. चुंबकाची प्लास्टिकची पकड बसेना, मग इन्सुलेशन टेप गुंडाळली. चाळीसपर्यंत झकास. पुढे आकडा उड्या मारू लागला आणि साठच्या आसपास तीस दाखवायला लागला. निम्मा आकडा दिसला की समजायचं, मीटर एकाआड एक टिक चुकवतोय. आणि आठवड्याभरात चुंबक कुठे उडालं ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

कारण वहीत शोधलं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. गाडीचं चाक तेव्हा सेकंदाला जवळजवळ ११ फेरे मारतं. सायकल आरामात १८ ने चालली तर तिचं चाक सेकंदाला अडीच फेरेही मारत नाही. ११ फेऱ्यांना २० सेंटिमीटरवरचं चुंबक सेकंदाला साडेतेरा मीटर वेगाने सेन्सरसमोरून जातं. सेन्सरला ते साधारण दीड सेंटिमीटरच्या टप्प्यात जाणवतं असं धरलं, तर पात्या चिकटायला मिळतो एक मिलिसेकंद. पात्यांना चिकटून स्थिर व्हायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणजे काम काठावर. शिवाय तिथे चुंबकावर गुरुत्वाकर्षणाच्या ९४ पट केंद्रोत्सारी ओढ. ५ ग्रॅमचं चुंबक तिथे अर्ध्या किलोसारखं बाहेर ओढतं. इन्सुलेशन टेप बिचारी काय करणार?

उपाय सोपा निघाला: चुंबक हबकडे न्यायचं. ९ सेंटिमीटरवर तोच वेळ अडीच मिलिसेकंद होतो आणि ओढ निम्म्याहून कमी होते. नवं चुंबक बारीक तांब्याच्या तारेने आऱ्याला बांधलं आणि वरून एम-सील लावलं. एम-सील पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे रात्रभर, गाडी हलवली नाही. ते अजून जागेवर आहे.

दुसरी चूक वायरची. सायकलचा साधा फोर्क अखंड असतो. गाडीचा फोर्क म्हणजे शॉकअप. खालची नळी चाकाबरोबर वरखाली होते, वरची हँडलबरोबर राहते. सेन्सर खालच्या नळीवरच लावायला हवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चुंबक आणि सेन्सर यांची चुकामूक. तो आम्ही बरोबर लावला, पण वायर ताणून सरळ वर नेली. पहिल्याच स्पीडब्रेकरला तुटली. शॉकअप दहा-अकरा सेंटिमीटर दबतो आणि सुटतो, तेवढा झोल वायरला हवा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघायचं, मगच टाय ओढायचे. मूळ वायर तोकडी पडते. जोड द्यायचा तर सोल्डर करून द्यावा. नुसती पिळून टेप मारली तर पहिल्या पावसात मीटर ठप्प. वायर पुढच्या ब्रेकच्या केबलबरोबर न्यावी आणि स्पार्क प्लगच्या वायरपासून लांब ठेवावी. त्याच कारणाने आम्ही बिनतारी मीटरच्या वाटेला गेलो नाही.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, काळजी. सेन्सर आणि चुंबक यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर अंतर असावं. चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहावं. सेन्सर सुटून आऱ्यांत गेला तर तो आकडा चुकण्याचा प्रश्न राहत नाही, पुढचं चाक अडकण्याचा होतो. म्हणून सेन्सरखाली जुन्या ट्यूबची पट्टी आणि वर दोन टाय, एकावर भरवसा नको. डिस्प्लेखालीही ट्यूबची पट्टी द्यावी, नाहीतर इंजिनच्या थरथरीत आकडे वाचता येत नाहीत. अलॉय व्हीलच्या गाडीला आरे नसतात. तिथे डिस्क ब्रेक असेल तर डिस्कच्या स्टीलच्या बोल्टच्या डोक्यावर छोटं ताकदवान चुंबक बसतं, पण ॲढेसिव्ह लावूनच.

२०९६

आता मुख्य गोष्ट. मीटर पहिल्यांदा चालू केला की तो परीघ विचारतो. सोबतच्या कागदावर सायकलींचा तक्ता होता: २६ इंची, २७ इंची, ७०० सी वगैरे. मोटारसायकल कुठून असणार? मीटरमध्ये आधीपासून २०९६ होता. तो ७०० बाय २३ सी या रेसिंग सायकलच्या चाकाचा आकडा. मी म्हटलं, "गाडीचं चाक काय सायकलपेक्षा लहान असतंय का? राहू दे." पार्टनर म्हणाला, "मोजू या का?" मी म्हटलं, "सबमिशन आहे, नंतर बघू."

नंतर काय होतं ते मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

मीटर चालू झाला आणि आमची गाडी एकदम गुणी झाली. टाकी भरून, परत भरून, मीटरवरचे किलोमीटर भागिले लिटर केलं: ६८ चा ॲव्हरेज! विंगमध्ये मी हे किती जणांना सांगितलं याची मोजदाद नाही.

पार्टनरचं गाव कॉलेजपासून ६४ किलोमीटर. एका रविवारी आम्ही दोघं गेलो. सोमवारी साडेदहाला त्याची ओरल, एक्स्टर्नल बाहेरगावचे. गावाच्या वेशीवरच टाकी कोरडी पडली. सकाळी किराणा दुकानातून बाटलीत मोजून एक लिटर पेट्रोल घेतलं आणि निघालो. तालुक्याच्या गावी पंप लागला. पार्टनर म्हणाला, "टाकू या थोडं?" मी हिशोब सांगितला, "चौसष्ट जायचंय, अडुसष्ट देते. चार किलोमीटर शिल्लक राहतंय. पैसे नाश्त्याला ठेव." तिथून पुढे कॉलेजपर्यंत पंप नाही. आमचं कॉलेज माळावर आणि पंप त्याच्याही पुढे.

'४' लिहिलेला हिरव्या डोक्याचा दगड मागे पडला आणि गाडी घुटमळून थांबली. चोक ओढला, गाडी आडवी करून पाहिली. टाकीत थेंब नाही. दगड सांगत होता, साठ झाले, चार राहिले. मीटरवर ट्रिप होती ६८.

तिथे उन्हात उभं राहून मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, मीटर खोटं बोलत नव्हता. एका लिटरला ६८ म्हणाला होता आणि ६८ बरोबर दिले होते. दोन, ते ६८ त्याचे स्वतःचे किलोमीटर होते, सरकारचे नव्हते. ॲव्हरेज मी मीटरच्या किलोमीटरमध्ये काढला आणि अंतर दगडाच्या किलोमीटरमध्ये घेतलं. जोवर सगळा हिशोब एकाच मीटरवर होता, तोवर चूक दिसायला जागाच नव्हती. दुसरं माप समोर आलं तेव्हा ती दिसली, आणि तेव्हा आम्ही गाडी ढकलत होतो.

चार किलोमीटर ढकलायला तासाहून जास्त लागला. पार्टनर मधूनच पळत पुढे गेला, पण त्याचा नंबर होऊन गेला होता. सरांनी शब्द टाकला म्हणून संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी त्याची ओरल झाली. एक्स्टर्नल गाडीची वेळ बघत होते. मार्क जे पडले ते इथे लिहीत नाही. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तोच सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमधून लांब टेप घेऊन आला आणि म्हणाला, "चल, मोजू."

मोजणी

गाडीच्या पुढच्या टायरवर २.७५-१८ लिहिलेलं असतं. रिम १८ इंच, टायरची जाडी पावणेतीन इंच, ती वर आणि खाली दोन्हीकडे. म्हणजे व्यास साडेतेवीस इंच, ५९७ मिलिमीटर. पायने गुणलं की परीघ १८७५. आमच्या डोळ्यांना दांडगं दिसणारं गाडीचं चाक रेसिंग सायकलच्या चाकापेक्षा परिघाने वीतभर लहान! टायर जाड असतो म्हणून ते मोठं भासतं.

पण पुस्तकी आकड्यावर थांबायचं नाही असं आता ठरलं होतं. आधी पुढच्या टायरमध्ये बरोबर हवा भरली. पार्किंगच्या फरशीवर खडूने रेघ मारली, चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर रेघेवर खाली आणला. मी गाडीवर बसलो, कारण चालवताना माझं वजन असतं आणि त्या वजनाने टायर दबतो. पार्टनरने गाडी सरळ ढकलली. व्हॉल्व्ह पाचव्यांदा खाली आला तिथे दुसरी रेघ. तीनदा मोजलं: ९.२४, ९.२६ आणि ९.२५ मीटर. सरासरीला पाचाने भागलं: १८५० मिलिमीटर. पाच फेरे अशासाठी की रेघ सेंटिमीटरभर चुकली तरी एका फेऱ्यात ती चूक दोनच मिलिमीटर येते.

आता भागाकार करा. २०९६ ÷ १८५० = १.१३३. आणि ६८ ÷ ६० = १.१३३. पार्टनरने वहीत हे दोन भागाकार एकाखाली एक लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. बोलला काहीच नाही.

१८५० भरल्यावर तपासणी केली. दहा दगड मोजले, मीटरवर १०.० आले. एकच दगड धरू नये, एखादा सरकलेला असू शकतो. मग सरळ रिकाम्या रस्त्यावर एकसारख्या पन्नासने गेलो. मागे बसून पार्टनरने फोनवरच्या जीपीएसचा वेग वाचला. अर्ध्या किलोमीटरच्या आत फरक. कुणी विचारेल, फोन आहे तर मीटर कशाला? फोनचा वेग एकसारख्या चालीत चांगला येतो, पण ब्रेक मारताना आणि वेग वाढवताना मागे राहतो. शिवाय सततच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो आणि पावसात तो खिशातच बरा. तपासायला फोन, रोजच्या वापराला मीटर.

महिन्याभराने पार्ट आला, जुना मीटर सुरू झाला. सायकलचा मीटर पन्नास दाखवताना काटा चौपन्नावर. मिस्त्रींना वाटलं आमचाच चुकतोय. तसं नाही. कंपन्या काट्याचा मीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीवर अनेक देश चालतात, तिचं तत्त्वच असं की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये, थोडा जास्त चालेल. तेव्हा 'ऐंशीने आलो' म्हणणाऱ्यांनी त्यातून थोडे वजा करून घ्यावेत.

अंदाजाचा चाळीस

मीटर बरोबर झाल्यावर एक प्रयोग केला, आणि हा लेख खरं तर त्यासाठी लिहिलाय. डिस्प्लेवर रुमाल टाकला, मागे पार्टनरच्या हातात जीपीएस. कॉलेजच्या आतल्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीवरून निघून मी अंदाजाने चाळीस गाठला. खरा वेग ३८, ४१. शाबास! मग हायवेला वीस मिनिटं सत्तरने गेलो आणि गेटजवळच्या रस्त्याला वळण्याआधी अंदाजाने चाळीसवर आलो. खरा वेग ५३, ५६, ५५. मला शपथेवर वाटत होतं की चाळीस आहे, उलट गाडी रेंगाळतेय असं वाटत होतं. बराच वेळ एका वेगाला सवयीने बसलेली नजर कमी वेगाला आणखी कमी समजते.

याची किंमत काढू. कोरडा डांबरी रस्ता, ब्रेक बरे, गाडीचा वेग सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो असं धरा. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद. चाळीसला गाडी २३ मीटरमध्ये थांबते. पंचावन्नला ३९ मीटर लागतात. आपल्या गेटपासून समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत साधारण तेवढंच अंतर, या मधल्या सोळा मीटरचं. रात्री साडेदहाला तिथे रस्त्यातच कोण कोण उभं असतं, हे आपण सगळे जाणतो. आपणच असतो.

शेवटचं थोडं

हा मीटर जोड म्हणून ठेवावा, गाडीचा मूळ मीटर काढून टाकू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे गाडीला स्पीडोमीटर लागतोच. मूळ मीटर बंद असलेल्या काळातले किलोमीटर डायरीत लिहून ठेवा. ऑइल बदलायला ते लागतात, आणि उद्या गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला खरा आकडा सांगता येतो. टायरचा नंबर बदलला तर परीघ पुन्हा मोजा. चालवताना डिस्प्लेकडे ओझरतं बघा, टक लावून नको. सायकलच्या मीटरला बहुधा आतला दिवा नसतो, त्यामुळे रात्री तो दिसेलच असं नाही. रात्री हळूच चालवा, म्हणजे बघायची गरज पडत नाही.

टेप आम्ही सर्व्हे लॅबमध्ये परत दिली. पार्किंगच्या फरशीवरच्या खडूच्या रेघांवर आता ऑइलपेंट मारलाय, रेक्टर सरांना विचारूनच. दोन रेघांच्या मध्ये दर मीटरला खूण आहे. ज्याला आपल्या चाकाचा परीघ मोजायचा असेल त्याने खुशाल यावं. ढकलायला पार्टनर बरोबर आणावा. माझा माझ्याशी पुन्हा बोलायला लागलाय.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी